पाण्यात पाहणं

नळाचं चालणार नाही, दुकानातली यित्का म्हणाली,
त्यात तांबं असतं, फॉस्फेट असतं,
आख्ख्या ब्रनोचे जुने पाइप असतात.
म्हणून गाळणीतून थेंब थेंब,
दोन दिवस, दोन रात्री,
बाथटबच्या कडेवर बसून मी गोळा केलं
दोनशे लिटर पाणी,
ज्याला कसलीच आठवण नव्हती.

मग मीठ. सात किलो.
बादलीत उलथन्यानं ढवळत होतो.
मिलुशका असती तर दारातूनच म्हणाली असती,
ओटाकार, जेवायला किती जण येणार आहेत?

इथून समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच.
अठ्ठावीस वर्षं मी आठ नंबरची ट्राम चालवली,
शेवटच्या थांब्यावर दर वेळी
तेच वळण, तोच किऑस्क, तोच कुत्रा.

दगड आले ओल्या वर्तमानपत्रात, बाळंतिणीच्या काळजीनं गुंडाळलेले.
जिवंत दगड, असं पावतीवर लिहिलं होतं.
मी वास घेतला. मेलेल्या शिंपल्यांचा होता.

सगळं मिळून तीनशे किलो, चौथा मजला,
आणि बरोबर खाली हेद्विका,
जी मला सतरा वर्षं पाण्यात पाहत आली,
माझं वॉशिंग मशीन तिच्या झुंबरावर गळलं तेव्हापासून.

समोरच्या घरातला मातोउश रोज काचेला नाक लावायचा.
मासे कुठायत?
अजून पाणी व्हायचंय.
पाणी तर आहे की.
त्याला काय सांगू,
की पाणी मुरावं लागतं, बरणीतल्या कोबीसारखं,
की डोळ्यांना न दिसणारं कोणीतरी
आधी घर झाडून घेतं.

टेस्टच्या नळीत अमोनिया हिरवा, मग जास्त हिरवा.
वहीत तारखा. तारखांपुढे रंग.
वाळूवर तपकिरी साय धरली,
मी ती पुसली, ती परत आली,
मी पुसायचं सोडलं.

तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही.
एक मासा आणला, नारिंगी, अंगठ्याएवढा.
यित्काला खोटंच सांगितलं, नळी पिवळी आहे म्हणून.
दोन दिवस तो पृष्ठभागाशी तोंड उघडत राहिला.
जेरेनियमच्या कुंडीत पुरला.
त्या ओळीपुढे वहीत रंग लिहिला नाही.

जानेवारीत रात्री एकला वीज गेली.
पंप थांबला. बाहेर उणे चौदा.
काचेभोवती गोधडी, ओव्हरकोट, मिलुशकाची शाल गुंडाळत होतो
तेवढ्यात दार वाजलं.
गाऊनमध्ये हेद्विका, हातात टॉर्च.
मी म्हटलं, आता काय गळलं?
ती म्हणाली, तुमची घरघर थांबली,
मला झोप येईना.

मग मी कढईच्या डावानं पाणी उचलायचो,
वरून सोडायचो, म्हणजे हवा मिसळते.
हात भरून आले की ती.
काही बोललो नाही फारसं.
तिनं एकदा विचारलं, आत आहे कोण?
मी म्हटलं, कोणी नाही. दगड.
तरीही तिनं डाव खाली ठेवला नाही.

साडेचारच्या सुमाराला तिनं टॉर्च बोटांनी झाकली,
लाल उजेड राहिला तेवढाच.
हे काय?
दगडाच्या भेगेतून एक नळी,
नळीच्या तोंडाशी पिसांचा गोल,
नखापेक्षा लहान, उघडलेला.
मी विकत घेतलेला नाही. पावतीवर नाही.
त्या ओल्या कागदातून, माझ्या अमोनियातून,
वहीतल्या त्या कोऱ्या जागेतून,
हा भाडेकरू गुपचूप राहत होता.

हेद्विकाच्या हातून डाव जरा खणकला.
पिसं आत गेली, चट्कन.

थांबा, ती म्हणाली, मला नाही, त्याला.
दोघंही खुर्च्या ओढून बसलो,
बाह्या कोपरापर्यंत खारट,
वाट पाहत.